सावरणाऱ्या कारखान्याचे भाग घेण्यापूर्वी

खानदेशातील मध्यमवर्गीय कुटुंबाची शिल्लक पूर्वापार तीन वाटांनी जात आली आहे : जळगावच्या सराफ बाजाराकडे, तापीकाठच्या काळ्या जमिनीकडे आणि पतपेढीतील मुदतठेवीकडे. यांपैकी तिसऱ्या वाटेवर गेल्या काही वर्षांत जी पडझड झाली, तिची झळ ज्या घरांना लागली त्या घरांतील तरुण मंडळी आता हातातल्या मोबाइलवरून भागबाजारात उतरली आहेत. आणि धुळ्याच्या पाचकंदिलापाशी असो की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो, त्यांच्या बोलण्यात ज्या भागांचे आकर्षण सर्वांत अधिक आढळते ते उत्तम चाललेल्या कंपन्यांचे नसून एकेकाळी थोर असलेल्या, मध्यंतरी कोसळलेल्या आणि आता सावरू लागल्याची बातमी आलेल्या कंपन्यांचे असते. पूर्वी अडीचशेला जाणारा कागद आज तीसला मिळतो, म्हणजे तो उद्या पुन्हा अडीचशे होणार, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब जितका सोपा आहे तितकाच तो अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे सांगण्यासाठी मुंबईच्या दलालगल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यातच त्याची दोन मोठी उदाहरणे पडून आहेत.

कारखाना सावरणे आणि त्याचा भागधारक सावरणे या दोन भिन्न घटना आहेत, ही गोष्ट नव्या गुंतवणूकदाराने प्रथम ध्यानात घ्यावी. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागू नये. केळीचे झाड वादळात आडवे झाले तरी बुंध्यातून पील फुटते आणि पीलबागही चांगली येऊ शकते. परंतु त्या पिलाचा घड पुढच्या वर्षी हाती येतो, आणि तो येतो त्या वेळी शेताचा उतारा ज्याच्या नावावर असेल त्याच्या घरी जातो. कंपनी संकटातून बाहेर येते तेव्हा तिच्या उताऱ्यावर बहुधा नवी नावे चढलेली असतात.

त्या दोन उदाहरणांतले पहिले जैन इरिगेशनचे. ही कंपनी काटेकोर अर्थाने साबण-तेलासारख्या नित्य वापराच्या मालाची उत्पादक नव्हे. तथापि शेतकऱ्याच्या बांधावर जाणाऱ्या नळ्या आणि ठिबकसंच यांबरोबरच आंब्याचा गर, निर्जलित कांदा व मसाले असा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणारा मालही तिच्या उद्योगसमूहात होतो, आणि खानदेशातील जितक्या घरांत तिचे भाग आहेत तितक्या घरांत अन्य कोणत्या कंपनीचे क्वचितच असतील. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून सुरुवात करून उभा केलेला हा व्याप एकदा नव्वदच्या दशकात, वित्तव्यवसाय आणि सॉफ्टवेअर अशा परक्या प्रांतांत शिरल्यामुळे, अडचणीत आला होता आणि मूळ धंद्याकडे परतून सावरलाही होता. दुसरे संकट २०१९ मधले. या वेळी मालाला मागणी नव्हती असे झाले नाही. माल जात होता, पण पैसा येत नव्हता. ठिबकसंचावरील अनुदानाची रक्कम सरकारी दप्तरांतून सुटण्यास लागणारा विलंब, मोठमोठ्या सिंचनप्रकल्पांत अडकलेले येणे आणि इस्राएल, अमेरिका, इंग्लंड येथील कंपन्या विकत घेताना वाढत गेलेले कर्ज, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या. हप्ते थकले आणि पतमापन संस्थांनी कंपनीची पत थकबाकीदाराच्या पायरीवर उतरवली. २०१० च्या सुमारास अडीचशे रुपयांच्या आसपास पोहोचलेला दोन रुपये दर्शनी किमतीचा भाग मार्च २०२० मध्ये तीन-चार रुपयांच्या घरात आला.

पुढचा भाग अभ्यासण्याजोगा आहे. सावकार बँकांनी आपापसांत करार करून तोडग्याची योजना आखली, ती मार्च २०२२ मध्ये अमलात आली, आणि तिच्या अन्वये कर्जाच्या एका मोठ्या हिश्श्याचे रूपांतर शेकडा ०.०१ इतक्या नाममात्र व्याजाच्या कर्जरोख्यांत झाले. त्याबरोबरच सावकारांना कंपनीचे भागही देण्यात आले. त्यानंतर परदेशांतील सिंचनव्यवसाय सिंगापूरच्या टेमासेक संस्थेच्या मालकीच्या रिवुलिस कंपनीत विलीन करण्यात आला. मार्च २०२३ च्या अखेरीस तो व्यवहार पुरा होऊन त्या एकत्रित कंपनीत जैन समूहाकडे सुमारे एक-पंचमांश हिस्सा राहिला आणि एकत्रित कर्जाचा अडीच हजार कोटींहून अधिक भार उतरला. कारखाना वाचला, कामगारांची रोजी राहिली, शेतकऱ्याला नळी मिळत राहिली. या कामगिरीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु भागधारकाच्या बाजूने पाहता, पूर्वी पन्नास कोटींच्या आसपास असलेली भागांची संख्या साठ कोटींच्या पुढे गेली आणि परदेशी व्यवसायाच्या संपूर्ण मालकीच्या जागी अल्पांश उरला. साठ कोटी रुपयांचा नफा पन्नास कोटी भागांत वाटला तर प्रत्येकी एक रुपया वीस पैसे पडतात आणि साठ कोटी भागांत वाटला तर एकच रुपया पडतो, हे त्रैराशिक शाळेतल्या मुलालाही येते. मात्र जुना भाव मनात धरून बसलेला माणूस तेवढेच नेमके विसरतो. जुना भाव हा जुन्या भागसंख्येचा, जुन्या मालमत्तेचा आणि जुन्या कर्जाचा भाव होता.

आता या एकाच कंपनीतील तीन गुंतवणूकदारांची कल्पना करू. प्रत्येकाने दहा हजार रुपये घातले असे मानू. ज्याने अडीचशेच्या भावाने घेतले त्याच्या हाती चाळीस भाग आले. २०२४ च्या प्रारंभी भाव सत्तरच्या आसपास गेला तेव्हाही त्याचे दोन हजार आठशेच झाले होते. ज्याने तीन रुपयांना घेतले त्याचे सव्वादोन लाखांच्या वर झाले, आणि गावात गोष्ट सांगितली जाते ती याचीच. परंतु त्या दिवशी कंपनी उरेल की दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे जाईल हे सांगण्याजोगा कोणताही पुरावा कागदावर नव्हता. त्याने लावली ती पैज होती, आणि पैज जिंकणाऱ्याला आपण दूरदर्शी म्हणतो ते केवळ हरणारे बोलत नाहीत म्हणून. तिसरा मनुष्य असा की ज्याने तोडगा अमलात येईपर्यंत आणि रिवुलिसचा व्यवहार पुरा होईपर्यंत हात आवरला आणि मग तीस-पस्तीसच्या भावाने खरेदी केली. त्याला तळ गवसला नाही, पण वर्षभरात त्याचे पैसे दुप्पट झाले, आणि त्यासाठी त्याने घेतलेली जोखीम दुसऱ्याच्या जोखमीचा लहानसा अंश होती. मी ज्याच्या पंगतीला बसेन तो हा तिसरा मनुष्य. पुढे तो भाव पुन्हा सत्तरीच्या बराच खाली आला, हेही त्याच्यासकट सर्वांनी टिपून ठेवावे. सावरण्याची वाट सरळ चढणीची नसते.

या कंपनीचे भाग दोन प्रकारचे आहेत हेही घेणाऱ्याने पाहून घ्यावे. २०११ साली बक्षीस म्हणून दिलेल्या वेगळ्या वर्गाच्या भागांना, ज्यांना बाजारात डीव्हीआर म्हणतात, दहा भागांमागे एक मत इतकाच मताधिकार आहे. ते स्वस्त दिसतात त्याचे कारण तेच, आणि त्यांची देवघेवही कमी होत असल्याने विकू म्हणता क्षणी गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

मग पुरावा म्हणून काय पाहावे? वार्षिक अहवालाच्या आरंभीची रंगीत पाने आणि अध्यक्षांचे निवेदन यांवर वेळ न दवडता थेट मागच्या बाजूस, हिशेबपत्रकांकडे जावे. नफातोटा पत्रकातील नफ्याचा आकडा हा अनेक अंदाजांनी घडलेला असतो. जुनी येणी वसूल होतीलच असे गृहीत धरले की तो फुगतो आणि बुडीत धरली की आटतो, आणि कर्जमाफीच्या वर्षी तर माफ झालेली रक्कमच नफा म्हणून प्रकट होते, जिचा माल विकण्याशी काहीएक संबंध नसतो. म्हणून रोखप्रवाहाचे पत्रक काढून त्यातील पहिल्या विभागावर, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेल्या रोकडीवर, बोट ठेवावे आणि ती नफ्याशी ताडून पाहावी. दोन-तीन वर्षे नफा दिसतो आणि रोकड मात्र येत नाही, तर तो नफा उधारीच्या वहीत आहे. ताळेबंदात येणे रकमांना वर्षाच्या विक्रीने भागून तीनशे पासष्टने गुणले की वसुलीला सरासरी किती दिवस लागतात ते कळते. हा आकडा दरवर्षी उतरत असेल तर कंपनी खरोखर सावरत आहे, आणि विक्री वाढत असूनही हा आकडा चढत असेल तर ती वाढ गिऱ्हाइकांना उधारीवर माल लोटून मिळवलेली आहे. व्याज आणि करापूर्वीचा नफा व्याजाच्या निदान तिप्पट असावा, असा माझा दंडक. त्याहून कमी असेल तर एका अवर्षणाने किंवा कच्च्या मालाच्या एका तेजीने पुन्हा जुनेच दिवस येतात.

याशिवाय दर तिमाही संपल्यावर एकवीस दिवसांच्या आत प्रसिद्ध होणारा भागधारणेचा तक्ता पाहावा. प्रवर्तकांनी आपले किती भाग तारण ठेवले आहेत, हे त्यात नमूद असते. तारणाचे प्रमाण घटत असेल तर ते सुचिन्ह. तारण वाढत असताना भावही वाढत असेल तर सावध. लेखापरीक्षकांचा शेरा शब्दशः वाचावा, आणि लेखापरीक्षक मुदतीपूर्वीच राजीनामा देऊन गेले असतील तर बाकीचे काहीही न वाचता अहवाल मिटून ठेवावा. इंग्रजीची अडचण असेल तर गावातल्या सनदी लेखापालाला या चार-पाच पानांपुरती फी देऊन बसवावे. फुकट मिळणारी टीप त्या फीपेक्षा नेहमीच महाग पडते.

दुसरे उदाहरण अमळनेरचे, आणि ते तर अगदी साबण-तेलाचेच. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि खानदेशातील भुईमुगाचे पीक व सुरत-भुसावळ लोहमार्ग यांची सोय पाहून अमळनेरास कारखाना उभारला; ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा धुण्याचा साबण हा तिचा माल. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत असलेल्या एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. भागधारकांच्या सभेत एका सभासदाने त्यांना, हा धंदा तुमच्या आवाक्यातला नव्हे, आपला हिस्सा जाणत्या माणसाला विकून मोकळे व्हा, अशा आशयाचे सुनावले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मला त्या सभासदाचे बोलणे मूर्खपणाचे वाटत नाही. त्या दिवशी त्याच्यासमोर जो पुरावा होता त्यावरून कोणत्याही विचारी भागधारकाने हेच म्हटले असते.

पुरावा पुढे तयार झाला, आणि तो भुईमुगाच्या ढिगापाशी तयार झाला. त्या काळी खरेदीदार शेंगदाणा हाताने चुरगाळून, दाताखाली फोडून, त्यात तेल किती आणि ओल किती याचा अदमास बांधत आणि त्यावर भाव ठरे. वनस्पतीच्या कारखान्याचा नफातोटा बव्हंशी या खरेदीवरच अवलंबून असतो. अदमास शेकड्याला एक-दोनने चुकला तरी गाळपात ती तूट कशानेही भरून निघत नाही. प्रेमजींनी दाताच्या जागी प्रयोगशाळा आणली, मोजून निघालेल्या तेलाच्या प्रमाणावर खरेदी सुरू केली आणि मोजमापाची तीच शिस्त कारखान्याच्या इतर खात्यांत नेली. त्या वेळी अमळनेरात राहणाऱ्या भागधारकाला हा बदल कारखान्याच्या फाटकावरच दिसू शकत होता. मुंबईच्या दलालाला तो ताळेबंदात उमटेपर्यंत वर्षे लागली असती. स्थानिक गुंतवणूकदाराचा खरा लाभ हाच.

पुढे १९७७ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘विप्रो’ झाले, संगणक आले, ‘संतूर’ साबण आला आणि ती जगभर पसरली. १९९७ च्या पूर्वीपासून दहा रुपयांचा एक भाग ज्याने जपून ठेवला त्याचे, त्या वर्षी मिळालेले एकास दोन बक्षीस भाग, १९९९ मधील दहाचे दोन रुपयांत विभाजन, आणि २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ व २०२४ या वर्षांची बक्षिसे धरता, आज आठशे भाग झाले आहेत. हा हिशेब वाचून ज्यांना मोह होईल त्यांनी जळगाव स्थानकानजीकच्या खानदेश मिलची जागा पाहून यावी असे सुचवतो. एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या त्या गिरणीच्या जमिनीवर आज बाजारसंकुल आहे. धुळ्याच्या न्यू प्रताप मिलचा भोंगाही थांबला. या गिरण्यांचेही भाग होते, त्यांनाही कधीकाळी लाभांश मिळत असे, आणि त्या सावरतील म्हणून वाट पाहणारी माणसेही होती. अमळनेरची गोष्ट सांगितली जाते कारण ती घडली. न घडलेल्या गोष्टींचे कथेकरी नसतात.

अमळनेरच्या प्रकरणाचे एक उपकथानक व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २०१३ मध्ये विप्रोने साबण, दिवे वगैरे ग्राहकोपयोगी मालाचा व्यवसाय तोडून ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या वेगळ्या कंपनीकडे दिला, आणि ही कंपनी भागबाजारात नोंदवलेली नाही. भागधारकांस विप्रोच्या पाच भागांमागे नव्या कंपनीचा एक भाग, किंवा पन्नास रुपयांचा सात टक्क्यांचा परतफेडीचा अग्रहक्क भाग, किंवा नव्या कंपनीच्या १.६५ भागांच्या बदल्यात मूळ विप्रोचा एक भाग, असे पर्याय देण्यात आले. अर्थात आज ‘संतूर’च्या खपावर विश्वास ठेवून कोणी विप्रोचा भाग घेऊ पाहील तर त्याला मिळेल तो सॉफ्टवेअरचा धंदा. नावावरून भाग घेऊ नये. तो माल आज कोणत्या कंपनीच्या दप्तरी आहे, ते आधी पाहावे. खुद्द ‘सनफ्लॉवर’ हे नावही पुढे कार्गिल कंपनीकडे गेले आहे. आणि ज्या घरांत वडिलांच्या पेटीत अशी जुनी कागदी प्रमाणपत्रे असतील त्यांनी ती डीमॅट करून घेण्याची तजवीज विनाविलंब करावी, कारण एप्रिल २०१९ पासून कागदी भागांचे हस्तांतर बंद झाले आहे, आणि सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास भाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळतात, पण आयईपीएफ-५ हा अर्ज, वारसाचे दाखले आणि बराच धीर यांची तयारी ठेवावी लागते.

अमळनेरच्या फाटकावर जे दिसत होते ते आज दुकानाच्या फळीवर दिसते. कंपनी नित्य वापराच्या मालाची असेल तर दाणा बाजारातल्या ठोक विक्रेत्याकडे आणि मग पारोळा किंवा साक्रीसारख्या गावातल्या किराणा दुकानात जावे, पुडा हाती घ्यावा आणि त्यावरची उत्पादनाची तारीख वाचावी. ठोक विक्रेत्याकडे गेल्या महिन्याचा माल आणि खेड्यात सात-आठ महिन्यांपूर्वीचा, असे अनेक दुकानांत आढळले तर कंपनीने जाहीर केलेली विक्री अद्याप गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलेली नाही; ती वितरकाच्या गोदामात बसली आहे आणि दोन तिमाह्यांनी परत येईल. दुकानदाराला कंपनीचे नाव काढून मत विचारू नये, तो सौजन्याने बरेच बोलतो; एका पेटीमागे किती पुडे फुकट मिळतात आणि उधारी किती दिवसांची, एवढेच विचारावे. योजना घटत आहेत, उधारी आखडली आहे आणि तरीही माल फळीवर टिकत नाही, अशी त्रयी जुळली तर तो पुरावा कोणत्याही संशोधन-अहवालापेक्षा मोलाचा.

किती पैसे घालावेत, याबद्दल माझे मत जुन्या वळणाचे आहे. वर्षभराचा घरखर्च, मुलीची फी आणि दवाखान्याची तरतूद बाजूला ठेवून जी शिल्लक उरते तिच्या विसाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम अशा एका कंपनीत जाऊ नये, आणि ती उसनवार तर मुळीच नसावी. भाव उतरला की आणखी घेऊन सरासरी खाली आणण्याची, बाजाराच्या भाषेत अ‍ॅव्हरेज करण्याची, जी खोड असते ती या प्रकारच्या भागांत सर्वाधिक घातक ठरते. अधिक घ्यायचेच तर नवी तिमाही चांगली गेल्यावर, चढ्या भावाने घ्यावे. कराचे म्हणाल तर बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या भागांवरील वर्षभराच्या एकूण नफ्यातील सव्वा लाखापलीकडच्या रकमेवर साडेबारा टक्के आणि त्याआधी विकल्यास वीस टक्के, असा जुलै २०२४ पासूनचा नियम आहे. दलालाविषयी वा कंपनीविषयी तक्रार असल्यास ती सेबीच्या ‘स्कोअर्स’ या व्यवस्थेत विनामूल्य नोंदवता येते.

तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि वर्षाअखेरचे साठ दिवसांत, प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला आपले निकाल जाहीर करावेच लागतात. सावरत असल्याची बातमी ज्या कंपनीबद्दल आली आहे तिच्या अशा लागोपाठ चार निकालांत व्याजाचा बोजा उतरलेला आणि भागसंख्या स्थिर राहिलेली दिसावी, आणि त्या वर्षाच्या रोखप्रवाह पत्रकात धंद्यातून आलेली रोकड वाढलेली आढळावी. तोपर्यंत वाचकांनी आपला पैसा राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदतठेवीत राहू द्यावा, आणि या वर्षभरात भाव निघून गेला तर तो खुशाल जाऊ द्यावा.